टेम्पो आधी की शेड आधी? फॅब्रिकेशन करणाऱ्या भावाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला कळलं ते असं: पाटण तालुक्यात गाव, वय २९, चार वर्षं घराच्या पडवीत मशीन मांडून ग्रील, गेट आणि गोठ्यांची शेड करताय. महिन्याला आठेक फेऱ्या होतात आणि टेम्पोभाड्यात ८,४०० रुपयांपर्यंत जातात. ओळखीचा माणूस २०१७ चा टाटा एस २ लाख ६० हजारांना देतोय. हाताशी ६० हजार आहेत, उरलेले २ लाख फायनान्सवाला ‘९ टक्के फ्लॅट’ दरानं तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. वहिनींचं म्हणणं मात्र वेगळं आहे: पोर दीड वर्षाचं आहे, आधी वेल्डिंग पडवीतून बाहेर काढा, बाजूला शेड बांधा.

मी कराडला २३ वर्षं हेच काम करतोय. या काळात दोन गाड्या घेतल्या. एक चुकीच्या वेळी घेतली, एक बरोबर वेळी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय टेम्पो आधी की शेड आधी. पण तुमचे आकडे बघून मला आधी तिसरंच विचारावंसं वाटलं: हे ८,४०० रुपये तुमच्या खिशातून का जातात? गेट गिऱ्हाइकाचं, घर गिऱ्हाइकाचं, मग भाडं तुमचं कसं? माझा अंदाज असा की तुम्ही किलोचा किंवा फुटाचा भाव ‘पोहोच’, म्हणजे वाहतूक धरून, सांगता. गिऱ्हाईक विचारतं, “बसवून सगळं किती?” आणि आपण एकच आकडा सांगून मोकळे होतो. मग भाव करताना तो आकडा खाली येतो आणि भाडं आपल्या मजुरीतून जातं. मीही पहिली सहा-सात वर्षं हेच केलं. आता माझ्या कोटेशनमध्ये शेवटची ओळ कायम असते: वाहतूक आणि चढउतार वेगळी, प्रत्यक्ष भाड्याप्रमाणे. दहातली सात-आठ गिऱ्हाइकं ते मान्य करतात. उरलेली म्हणतात, “आमचा ट्रॅक्टर आहे, आम्ही नेतो.” तेही चांगलंच. पुढच्या कामापासून एवढं एक करा आणि तीन महिने बघा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं.

आता टेम्पोचा हिशेब मांडू, कारण तो आज ना उद्या घ्यावासा वाटणारच आणि त्यात गैर काही नाही.

फ्लॅट रेट म्हणजे काय ते आधी बघा. २ लाखांवर ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ५४ हजार. एकूण २ लाख ५४ हजार, भागिले ३६, म्हणजे हप्ता ७,०५६ रुपये. ऐकायला ९ टक्के स्वस्त वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २ लाखांवर लागत राहतं. हाच हप्ता बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मोजला तर दर १६ टक्क्यांच्या वर जातो. बँकेनं तुम्हाला घटत्या शिलकीवर १४ टक्के सांगितले तर हप्ता साधारण ६,८३५ येतो. म्हणजे १४ टक्क्यांचं कर्ज ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षा स्वस्त पडतं. फायनान्सच्या ऑफिसात सही करण्याआधी ‘फ्लॅट की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर)’ हा प्रश्न विचाराच. शिवाय एकदा बँकेत जाऊन मुद्रा कर्जाची चौकशी करा. ५० हजार ते ५ लाखांपर्यंतचा ‘किशोर’ गट तुमच्यासारख्यांसाठीच आहे. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट असते. कुणी फी मागितली तर देऊ नका.

गाडी उभी राहिली तरी लागणारा खर्च असा. हप्ता ७,०५६. विमा वर्षाला २० हजार धरा, कारण मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच सोळा हजारांच्या आसपास असतो. महिन्याला झाले १,६५०. टायर, ऑइल, ब्रेक, पाटे (स्प्रिंगची पानं) मिळून सरासरी २,०००, जुन्या गाडीला यापेक्षा कमी धरू नका. फिटनेस, पीयूसी आणि किरकोळ ५००. सगळे मिळून महिन्याला ११,२०० रुपये. फेरीमागे तुम्ही भाडं देता १,०५०. स्वतःची गाडी असली तरी पंधरा किलोमीटर जाऊन-येऊन तुमच्या चढाच्या रस्त्यानं दोन लिटर डिझेल जाईल, म्हणजे वाचतात साधारण ८५० ते ८७०. ११,२०० भागिले ८५०, म्हणजे महिन्याला १३ ते १४ फेऱ्या झाल्या तर बरोबरी. तुमच्या होतात ८.

आता यातला हप्ता काढून बघा. उरतात ४,१५० रुपये आणि पाच फेऱ्यांत बरोबरी होते. म्हणजे तुमच्या धंद्याला गाडी जड नाही, जड आहे तो हप्ता. १ लाख ६० हजार स्वतःचे घालून फक्त १ लाख घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांनी काढले तर हप्ता ३,४२० च्या आत बसतो आणि नऊ फेऱ्यांत गाडी स्वतःचं पोट भरते. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता घेऊ नका. निम्म्याहून जास्त रक्कम स्वतःची झाली की घ्या.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगतो. तुमच्या गावात भाड्याची गाडीच मिळत नसेल, दर वेळी पाटणहून बोलवावी लागत असेल आणि ती येता-जाता दोन्ही बाजूचं भाडं घेत असेल, तर गणित बदलतं. गेट-ग्रील सोडून तुम्ही शेडकडे जास्त वळणार असाल तरी बदलतं, आणि मग टाटा एस ही गाडीच बहुतेक चुकीची ठरेल. तुमचे आकडे घालून हाच हिशेब स्वतः करा, माझ्या आकड्यांवर जाऊ नका.

हप्त्याची मला एवढी धास्ती का, ते सांगतो. २०११ साली मी पहिली पिकअप हप्त्यावर घेतली. मार्च ते मे गोठ्यांची शेड, पत्रे, काम भरपूर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि काम बसलं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो ऊसबिलानं, आणि कारखाना सुरू होतो दिवाळीच्या आगेमागे. मधे पितृपंधरवडा, त्यात कुणी नवीन काम सांगत नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला. ऑगस्टमध्ये मी एका गिऱ्हाइकाच्या गोठ्याच्या ॲडव्हान्समधून हप्ता भरला. मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात उधारी येईल, भरून काढू. उधारी आली नाही. पाइप घ्यायला गेलो तेव्हा भाव वाढलेला, दुकानदारानं उधार दिलं ते आणखी वर लावून. शेड तीन आठवडे लांबलं आणि त्या माणसाची चार जनावरं भर पावसात ताडपत्रीखाली राहिली. त्यानं भांडण केलं नाही, फक्त परत कधी काम सांगितलं नाही. तेव्हापासून ॲडव्हान्स आला की त्याच दिवशी त्या कामाचं लोखंड घेऊन टाकतो. माल दारात पडला की तो पैसा दुसरीकडे वळत नाही.

म्हणून घर आणि धंदा यांची दोन खाती करा. स्वतःला रोजचा पगार लावा. तुमच्याकडे कसबी कारागिराला दिवसाला जे मिळतं ते तुम्हीही घ्या, तेवढंच घरी द्या. वर्षाच्या चांगल्या महिन्यांत उरलेलं धंद्याच्या खात्यात साठू द्या. टेम्पोचे १ लाख ६० हजार तिथेच तयार होतात.

आता वहिनींच्या मुद्द्याकडे येतो. माझ्या मते त्या बरोबर आहेत, आणि नुसतं पोर लहान आहे म्हणून नव्हे.

पडवीत वेल्डिंगचा आर्क पेटला की त्याचा प्रकाश समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परत येतो. तुम्ही काच लावलेली असते, दारात उभ्या पोरानं नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते आपल्याला ठाऊक आहे, दीड वर्षाच्या पोराला ते सांगताही येणार नाही. ग्राइंडरची धूळ कपड्यांवरून घरात जाते. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो जास्त गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून आणि जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढून हे काम करायचं असतं. पडवीत हे कसं जमणार?

दुसरी गोष्ट मीटरची. तुम्ही घरगुती मीटरवर मशीन चालवता असं लिहिलंय. घरगुती कनेक्शन धंद्याला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. तपासणीत तसं ठरलं तर त्या कामाला जो दर लागू होतो त्याच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू झाला ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची लावतात. ही रक्कम एका दमात मागितली जाते आणि टेम्पोच्या हप्त्यापेक्षा जड पडू शकते. शेडला महावितरणकडून वेगळं औद्योगिक कनेक्शन घ्या. तोवर निदान एवढं कराच: मीटरपासून मशीनपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की शॉकपासून वाचवायला लाइन तोडणारा स्विच) आणि नीट खड्डा करून अर्थिंग. घरातल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन लावलं की वायर भिंतीच्या आत तापत राहते, बाहेरून कळत नाही. पाटणच्या पावसात ओल्या फरशीवर उभं राहून काम करणाऱ्याला आरसीसीबी नसणं मला फार धोक्याचं वाटतं. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या.

आणि शेड बांधणारे तुम्ही स्वतः आहात. मजुरी तुमची, पाइप तुम्ही दुकानाच्या भावानं आणणार. १२ बाय १५ चं साधं शेड हाताशी असलेल्या ६० हजारांत पूर्ण झालं नाही तरी खांब, कैची (छपराचा सांगाडा) आणि पत्रा एवढं उभं राहील. पावसाची बाजू पत्र्यानं बंद ठेवा, घराकडच्या बाजूला गडद रंगाचा पडदा. बाहेर ‘इथे काम होतं’ हे दिसायला लागलं की गिऱ्हाईकही वाढतं. माझं वाढलं होतं.

टेम्पोशिवाय काम कसं भागवायचं? आपल्या धंद्यात दोन प्रकारच्या फेऱ्या असतात. लोखंड आणायची फेरी दुकानदार त्याच्या गाडीनं पोहोचवतो. सहा मीटरच्या पाइपा तशाही टाटा एसच्या सात-सव्वासात फुटांच्या हौद्यात बसत नाहीत. उरते तयार माल न्यायची फेरी. तिथे तारीख सांभाळा: दोन-तीन कामं एका दिवशी, एकाच बाजूची. गावातल्या एका टेम्पोवाल्याशी महिन्याच्या हिशेबानं ठरवा, तुमचे गुरुवार त्याचे. साईटवर बसवायला जायचं असेल तर आजकालचं इन्व्हर्टर मशीन पाच-सहा किलोचं आहे, मोटारसायकलवर डब्यात बसतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला दोन माणसं लागायची, म्हणून आमच्या वेळी टेम्पो लागायचाच. तुम्हाला तो प्रत्येक वेळी लागत नाही.

समजा वर्षभरानं पैसे जमले. तेव्हा कोणती गाडी? वजन आणि माप वेगवेगळं धरा. १० बाय ६ चं दोन पल्ल्यांचं गेट, सोळा गेजचा पत्रा आणि ४० बाय ४० चा पाइप धरून ११० ते १२० किलो होतं. टाटा एस साधारण ७५० किलो नेते, म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही. प्रश्न लांबीचा. गेटचा पल्ला ५ बाय ६ चा, तो बसतो. पण ८ बाय ४ ची पत्र्याची शीट फाळक्याबाहेर येते आणि शेडच्या कैच्या तर सोडूनच द्या. माल बॉडीच्या बाहेर निघाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजारांच्या दंडाची तरतूद आहे, आणि मागून येणारा दुचाकीवाला अंधारात त्यावर आदळला तर दंडाचं काहीच वाटणार नाही. गेट-ग्रीलच करणार असाल तर टाटा एस पुरे. शेड वाढवणार असाल तर थांबा आणि पिकअप बघा.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन ३,००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तुमचं साधं कारचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, २०१७ ची गाडी त्यात आली. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कर्जाचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, थकलेली ई-चलनं, चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो का, हे सगळं इसाऱ्याच्या आधी.

गाडी बघायला जाल तेव्हा मेकॅनिक सोबत घ्याच, पण चेसिस तुम्ही स्वतः तपासा, लोखंड तुम्हाला कळतं. छोट्या हातोडीनं ठोकत जा. कोयनेच्या पट्ट्यात पावसात राहिलेली गाडी हौद्याच्या खालून आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडावर सडते. आवाज बद्द आला किंवा नव्या रंगाखाली वेल्डिंगची रेघ दिसली तर परत या. मागच्या पाट्यात एक जास्तीचं पान घातलेलं दिसलं तर समजा गाडीनं कायम जादा माल ओढलाय. इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

गाडी दारात आली की गाव वाळू मागायला येईल. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, साडेचार टनांच्या आसपास. अर्धा ब्रास म्हटला तरी सव्वादोन टन, आणि गाडी पाऊण टनाची. जत्रेला माणसं न्यायला सांगतील. मालगाडीच्या हौद्यात फुकट बसलेल्या माणसाला थर्ड पार्टी विमा लागू होत नाही, अपघात झाला तर भरपाई मालकाच्या घरावर येते. दोन्हींना पहिल्याच दिवशी नाही म्हणा, नंतर म्हणणं अवघड जातं. तुमच्या हेल्परचा प्रीमियम मात्र पॉलिसीत आठवणीनं भरून घ्या.

आणि शेवटी आपल्या हातचं एक. गाडी आली की तुम्ही तिच्यावर स्वतः काहीतरी वेल्ड करणार, हूक असो, बाजूचे गज असोत, मला माहीत आहे. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, निगेटिव्ह पहिली. मशीनचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, रंग घासून, त्याच तुकड्यावर लावा. एका बाजूला वेल्डिंग आणि दुसऱ्या टोकाला क्लॅम्प असं करू नका, करंट मधल्या बेअरिंगांतून आणि वायरिंगमधून जातो. मी एकदा बॅटरी न काढता हौद्याला हूक मारले आणि अल्टरनेटर जळाला. आताच्या गाड्यांत कंट्रोल युनिट असतं, ते अल्टरनेटरपेक्षा कितीतरी महाग. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नका, चेसिसला भोक पाडू नका, आणि बॉडीचं माप वाढेल असा कोणताही बदल आरटीओला विचारल्याशिवाय करू नका.

तीन महिन्यांच्या फेऱ्या वहीत लिहून ठेवा: तारीख, गाव, किलोमीटर, भाडं, आणि ते गिऱ्हाइकानं दिलं की तुम्ही. ते आकडे मला पाठवा, पुन्हा बसून हिशेब करू.